शनिवारी कम्युनिटी कॉलेजात: एकदिवसीय कार्यशाळेत नाव घालण्याआधी, त्या दिवशी आणि नंतर

अमेरिकेतल्या मराठी घरांना कम्युनिटी कॉलेजची ओळख होते ती बहुधा मुलांमुळे. बारावीनंतर दोन वर्षं इथं काढायची, फी वाचवायची आणि मग मोठ्या विद्यापीठात जायचं, हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. त्याच कॉलेजांत शनिवारी मोठ्या माणसांसाठी एकेका दिवसाचे वर्ग चालतात हे मात्र वर्षानुवर्षं शेजारी राहूनही अनेकांच्या गावी नसतं. पुस्तकबांधणी, जलरंग, चाकावरची भांडी, मधमाश्या, पटकथालेखन, व्हॉइस-ओव्हर, घरगुती खाद्यपदार्थांचा उद्योग, असं काय काय. दोन तासांपासून सहा तासांपर्यंत. सहसा परीक्षा नाही, गुण नाहीत, पात्रतेची अट नाही.

माझं मत आधीच सांगते. एका दिवसात कोणतीही कला येत नाही. एका दिवसात ठरतं ते इतकंच, की ही गोष्ट आपल्याला पुढे करायची आहे की नाही. एवढं ठरलं तरी पैसे वसूल, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर दुप्पट वसूल, कारण महागडं सामान घ्यायचं वाचलं. म्हणून वर्ग निवडतानाही हेच पाहायचं: दिवसाअखेर याचं उत्तर मिळण्याइतकं काम आपल्या हातून होणार आहे का?

वर्ग कुठे शोधायचे

मी कॅलिफोर्नियात राहते, त्यामुळे बरीचशी उदाहरणं इथली. इथल्या सरकारी व्यवस्थेत ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि एकाच आवारात तीन तऱ्हेचे वर्ग भरतात. पहिले क्रेडिटचे, पदवीकडे नेणारे. राज्यातल्या रहिवाशांना ४६ डॉलर प्रति युनिट. दुसरे नॉन-क्रेडिट: इंग्रजी, नागरिकत्वाची तयारी, ज्येष्ठांचे वर्ग, यांना फी नसते. तिसरे आपले, शनिवारचे. यांना राज्याचा पैसा वापरता येत नाही, ते स्वतःच्या फीवरच चालवावे लागतात.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, बाकीचं बरंच तिच्यातून येतं. वर्ग स्वतःचा खर्च स्वतः काढतो, म्हणून पुरेशी माणसं आली नाहीत तर तो रद्द होतो. शिकवणारा बहुधा कॉलेजचा प्राध्यापक नसून त्या धंद्यातला माणूस असतो; हे अनेकदा चांगलंच. आणि कधी कधी वर्ग बाहेरची कंपनी घेते, कॉलेज फक्त खोली आणि नाव देतं. त्याबद्दल पुढे.

कॉलेजच्या मुख्य संकेतस्थळावर हे वर्ग सहसा सापडत नाहीत. ‘कम्युनिटी एज्युकेशन’, ‘कंटिन्युइंग एज्युकेशन’, ‘एक्स्टेन्शन’, ‘लाइफलाँग लर्निंग’ यांपैकी कुठल्या तरी नावाचा वेगळा विभाग असतो, त्याची नोंदणीही वेगळी. कॉलेजात प्रवेशाचा अर्ज भरावा लागत नाही. शिकागोच्या पश्चिमेला राहणाऱ्यांनी कॉलेज ऑफ ड्यूपेज पाहावं, डॅलसच्या उत्तरेकडच्यांनी कॉलिन कॉलेज, एडिसनच्या मंडळींनी मिडलसेक्स कॉलेज. न्यू जर्सीत काही ठिकाणी ‘अडल्ट स्कूल’ही चालतात, त्यांची यादीही बघा. आणि या सगळ्याआधी गावच्या लायब्ररीचं वेळापत्रक. तिथं तोच जलरंगाचा वर्ग फुकट असू शकतो.

आधी व्हिसा बघा

हा मुद्दा कंटाळवाणा आहे, पण तो चुकला तर महागात पडतो.

आई-बाबा बी-२ या पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांसाठी आले असतील, तर त्यांना छंदाचा छोटा, पदवीसाठी न धरला जाणारा वर्ग करता येतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने स्वतःच दोन दिवसांच्या स्वयंपाकाच्या वर्गाचं उदाहरण दिलेलं आहे. क्रेडिटच्या वर्गात मात्र त्यांचं नाव घालू नका. एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्यांना शिकायला आडकाठी नाही. अडचण येते शिकलेल्यावर पैसे मिळवताना. वर्क परमिट, म्हणजे ईएडी हातात नसेल तर फ्रीलान्स, स्वतःचा धंदा, दिवाळी मेळ्यातला स्टॉल हे सगळं ‘काम’ धरलं जाऊ शकतं. ‘थोडंसंच तर विकते, रोखीने’ असं म्हणणारी माणसं प्रत्येक मंडळात भेटतात; त्यांचं ऐकू नका, वकिलाला विचारा. एच-४ चा ईएडी २०१५ पासून मिळतो, पण ढोबळमानाने ज्यांच्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया आय-१४० या कंपनीने भरायच्या अर्जाच्या मंजुरीपर्यंत आली आहे त्यांनाच. तोवर छंद म्हणून शिका, करा, भेट द्या.

वर्गाचं वर्णन कसं वाचायचं

कॅटलॉगमधलं वर्णन जाहिरातीसारखंच लिहिलेलं असतं. ‘तुमच्यातला कलाकार जागवा’ वगैरे ओलांडून थेट कामाच्या ओळींवर जा. पहिली गोष्ट म्हणजे, ही वस्तू एका दिवसात पुरी होते का?

चाकावरच्या भांड्यांचं घ्या. हा वर्ग सर्वांत लवकर भरतो आणि निराशही हाच करतो. पहिला तास-दीड तास माती चाकाच्या मध्यावर आणण्यातच जातो. भांडं साधलंच तर ते ओलं असतं, त्याचा तळ दुसऱ्या दिवशी, जरा आवळल्यावर कोरायचा. मग आठवडाभर वाळवण, मग साधारण १००० अंश सेल्सिअसची पहिली भट्टी, मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, मग १२०० अंशांच्या आसपासची दुसरी भट्टी. म्हणजे त्या दिवशी तुम्ही रिकाम्या हातांनी घरी येता; भांडं तीन-चार आठवड्यांनी न्यायला जायचं आणि तळ कोरणं, ग्लेझ लावणं ही अर्धी मजा परस्पर दुसऱ्या कुणी तरी केलेली असते. वाईट वर्ग नव्हे, पण आईंचं परतीचं विमान त्याआधी असेल तर दुसरं काही निवडा. भट्टी कोण लावणार, तिचे पैसे फीत धरलेत का आणि भांडं किती दिवस ठेवतात, हे फोन करून विचारा.

मोझॅकमध्ये तुकडे चिकटल्यावर वाळायला वेळ लागतो, भराई त्यानंतर. रेझिनही घट्ट व्हायला एक ते तीन दिवस घेतं. अशा वर्गांत शिक्षक पहिला टप्पा तयार ठेवून आणतो किंवा शेवटचा टप्पा तुमच्यावर सोपवतो. कुठला ते आधी कळलेलं बरं.

एका दिवसात खरोखर पुरं होणारं काम म्हणजे पुस्तकबांधणी, ठशांची छपाई, कॅलिग्राफी, आणि सायनोटाइप: १८४२ साली जॉन हर्शेलने शोधलेली निळ्या छपाईची पद्धत. कागदाला लोहाच्या क्षारांचं द्रावण लावायचं, वर पानं-फुलं ठेवून उन्हात धरायचं, पाण्यात धुवायचं, झालं. कॅलिफोर्नियाच्या उन्हात काही मिनिटांत चित्र उतरतं. पहिल्यांदाच काही करून बघणाऱ्याला मी याच गटातला वर्ग सुचवते, कारण सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं प्रत्येक काम आपल्याच हातून होतं. कंटाळा कुठल्या टप्प्यावर येतो तेही त्याच दिवशी कळतं.

नंतर शिक्षकाचं नाव शोधा. त्याची वस्तू, छायाचित्रं, पुस्तकं बाहेर कुठे दिसतात का? वर्गात माणसं किती घेतात? चाकाच्या वर्गात दर माणशी एक चाक नसेल तर निम्मा दिवस बघण्यात जाईल. ‘सर्व पातळ्यांसाठी’ असं लिहिलं असेल तर समजा की नवख्यांसाठीच आहे. आणि सहा तासांच्या वर्गात जेवणाची सुट्टी धरली आहे की नाही, हे बारीक अक्षरात असतं.

नावात ‘करिअर’ असेल तर

कॅटलॉगच्या एका कोपऱ्यात हमखास सापडणारी नावं: ‘आवाजातून कमाई’, ‘मुलांचं पुस्तक प्रसिद्ध करा’, ‘छायाचित्रं विका’. या वर्गांकडे जाताना डोळे उघडे ठेवा.

व्हॉइस-ओव्हरचं बघा. दोन-अडीच तासांचा, कमी फीचा वर्ग असतो. शिकवणारा चांगला बोलतो, प्रत्येकाकडून माइकवर दोन ओळी वाचून घेतो, मग सांगतो की तुमच्या आवाजात काही तरी आहे, आठवड्यात फोन करतो. फोन येतो तो हजारो डॉलरच्या प्रशिक्षणासाठी आणि डेमो रेकॉर्डिंगसाठी. हे बेकायदा नाही, आणि सगळेच असे नसतात, पण बाहेरची कंपनी वेगवेगळ्या कॉलेजांत फिरून घेत असलेला वर्ग हा बऱ्याचदा तिचा विक्रीचा पहिला टप्पा असतो. ओळखायचं कसं? शिक्षकाचं नाव न देता कंपनीचं नाव असेल, तोच वर्ग त्याच वर्णनासह पाच कॉलेजांच्या कॅटलॉगमध्ये दिसत असेल, तर तयारीने जा. जरूर जा, दोन तासांत धंद्याची चांगली माहिती मिळते. त्या आठवड्यात सही मात्र कशावरही करायची नाही, हे घरातूनच ठरवून निघा.

अशा वर्गात विचारण्याजोगे प्रश्न अगदी साधे आहेत. गेल्या वर्षी तुमची कमाई काम करून झाली की शिकवून? पहिलं पैशाचं काम मिळायला किती वेळ लागला? घरी कोणतं सामान नसलं तरी चालेल? आवाजाच्या बाबतीत शेवटच्याचं खरं उत्तर उत्साह वाढवणारं आहे: बरा माइक आणि आवाज घुमू नये म्हणून कपड्यांनी भरलेलं कपाट सुरुवातीला पुरतं. ऑडिओबुकसाठी एसीएक्ससारख्या संकेतस्थळावर लागणारं मोजमाप सरळ आहे, आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वांत मोठा आवाज उणे ३ च्या खाली आणि खोलीतला आवाज उणे ६० च्या खाली. शिक्षक हे आकडे सांगत नसेल आणि फक्त ‘आवाजातली जादू’ सांगत असेल, तर काय ते समजा.

पुस्तक छापण्याच्या वर्गातही आकडेच विचारा. अमेरिकेत एक आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, घ्यायला १२५ डॉलर पडतात, दहा घेतले तर २९५. भारतात हा क्रमांक सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो, म्हणून मराठी पुस्तक पुण्यातल्या प्रकाशकाकडून निघणार असेल तर हा खर्च डोक्यातून काढून टाका.

उलट एक वर्ग असा आहे की ज्यात कला काहीच नाही, पण दिवसाअखेर हाती खरोखर काही लागतं: नोटरीचा. कॅलिफोर्नियात पहिल्यांदा नोटरी होणाऱ्याला सहा तासांचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागतं आणि अनेक कम्युनिटी कॉलेजांत प्रशिक्षण व राज्याची परीक्षा एकाच दिवशी होते. परीक्षा व अर्जाचे ४० डॉलर, ७० गुणांना पास, मग बोटांचे ठसे, १५,००० डॉलरचा बाँड (हमी), काउंटी कार्यालयात शपथ. नेमणूक चार वर्षांची. एका सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर घेता येतात, म्हणजे श्रीमंत कोणी होत नाही. पण पुण्यातल्या फ्लॅटच्या कुलमुखत्यारपत्रासाठी नोटरी शोधत फिरणारी मराठी माणसं किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. नोटरीला सही करणाऱ्याशी थेट बोलता यावं लागतं, दुभाष्या चालत नाही. मराठीशिवाय न बोलणाऱ्या आजोबांना म्हणूनच मराठी नोटरी लागतो. इथेही ईएडीची अट विसरू नका.

नाव घालताना

वर्ग होणार की रद्द, हे बहुधा काही दिवस आधी ठरतं. त्यामुळे ‘बघू शुक्रवारी’ म्हणणारे पाच जण मिळून वर्ग बुडवतात. आवडला असेल तर लवकर नाव घाला. कॉलेजने रद्द केला तर सहसा पूर्ण पैसे परत येतात; तुम्ही रद्द केला तर ठरावीक मुदतीआधीच, आणि थोडे कापून. मुदत बऱ्याचदा कामाच्या दिवसांत मोजतात, शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत.

कॅटलॉगमधली फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. ‘मटेरियल फी’ वेगळी असते आणि ती बऱ्याचदा त्या दिवशी शिक्षकाला रोख द्यायची असते. अमेरिकेत रोख लागणाऱ्या उरल्यासुरल्या जागांपैकी ही एक. पार्किंगचा दिवसाचा पास वेगळा. शनिवारी गाड्या कमी असतात म्हणून तिकीट मिळत नाही असं समजू नका. यंत्र कुठे आहे आणि वर्गाची इमारत कुठल्या पार्किंगजवळ, हे आदल्या रात्री नकाशात पाहा, कारण ही आवारं अवाढव्य असतात आणि शनिवारी वाट विचारायला कुत्रंही दिसत नाही.

त्या दिवशी

डबा न्या. कॅन्टीन शनिवारी बंद असतं आणि अर्ध्या तासाच्या सुट्टीत गाडी काढून जेवून येणं जमत नाही. माती, शाई, डिंक असलेल्या वर्गाला जुने कपडे आणि नखं कापलेली. चष्मा जवळचा.

प्रत्यक्ष काम कसं चालतं याचा अंदाज यावा म्हणून पुस्तकबांधणीचा दिवस जरा जवळून पाहू. सकाळी कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, ओळखायला शिकवतात. कागद आडवा आणि उभा, दोन्ही दिशांना हलकेच वाकवून बघायचा; ज्या बाजूने कमी अडतो ती घडीची दिशा. हे चुकलं तर घडीवर कागद फुटतो आणि पुठ्ठा पुढे पोट काढतो. मग चार-चार कागद एकात एक घालून फर्मे करायचे आणि हाडाच्या पट्टीने घडी दाबायची. फार घासली तर कागदावर चकाकी येते. सगळ्या फर्म्यांना एकाच मापाने टोच्याने भोकं पाडायची. भोकं एका रेषेत आली की निम्मं काम झालं. दुपारी शिवण: मेण लावलेला दोरा, एका फर्म्यातून दुसऱ्यात, टोकाला प्रत्येक वेळी मागच्या टाक्यात अडकवून.

इथं नवखा माणूस दोरा घट्ट करायला वरच्या बाजूला ओढतो आणि भोकाचा कागद टरकन फाटतो. दोरा नेहमी शिवणीच्या दिशेने, घडीला समांतर ओढायचा. पुस्तकातल्या आकृतीवरून हे समजत नाही. शिक्षक तुमच्या मनगटाला धरून ते वळवतो तेव्हा कळतं, आणि सहा तासांच्या फीमधला मोठा वाटा माझ्या मते त्या एका क्षणाचा असतो. म्हणून शिक्षक फिरत तुमच्यापाशी आला की काम झाकू नका. बिघडलेलं पुढे करा. टेबलाच्या टोकाला, भिंतीकडेला बसू नका. तिथं तो कमी वेळा येतो.

इंग्रजीचा संकोच वाटणाऱ्या आई-बाबांसाठी हातकामाचे वर्ग सोपे पडतात, कारण सगळं दाखवून चालतं. पटकथा किंवा लेखनाच्या वर्गाला तसं होत नाही, तिथं मोठ्याने वाचावं लागतं. मुलगी किंवा सून सोबत हवी असेल तर तिचंही नाव आणि फी भरा. मागे नुसतं बसू देत नाहीत.

निघण्याआधी तीन गोष्टींचे फोटो घ्या: शिक्षकाची हत्यारं, सामानाच्या पुड्यांवरची नावं आणि तुमचं अर्धवट काम. वस्तू कुठून घेता हेही त्यालाच विचारा. हौशी लोकांच्या दुकानात जो टोच्या पंधरा डॉलरला मिळतो, तो त्याला कुठे तीनला मिळतो हे त्याला पक्कं माहीत असतं.

नंतरचा आठवडा

आठवड्याच्या आत तेच काम घरी एकदा करून बघा, कमीत कमी सामानात. पुस्तकबांधणीला जाड सुई, पट्टी, दोरा आणि प्रिंटरचा कागद पुरतो. दहा दिवस गेले की हात विसरतो. आणि मनाला पुन्हा बसावंसंच वाटलं नाही, तर तेच तुमचं उत्तर.

बसावंसं वाटलं, तर लगेच दुसरी एकदिवसीय कार्यशाळा घेऊ नका. त्याच कॉलेजचा क्रेडिटचा वर्ग पाहा. रहिवाशांना तीन युनिटचा सिरॅमिक्सचा वर्ग १३८ डॉलरला पडतो, वर सामानाची आणि इतर किरकोळ फी, आणि त्यात पूर्ण सत्रभर चाक, भट्टी, ग्लेझ सगळं मिळतं. खाजगी स्टुडिओत तेवढ्या पैशांत महिनाही निघत नाही. कॅलिफोर्नियात पास झालेला कलेचा वर्ग पुन्हा घेता येत नाही, पुढची पातळी घ्यावी लागते, आणि एका प्रकारात अशा पातळ्या चारच. त्यामुळे घाई न करता एकेक घ्या.

विकायचा विचार असेल (आणि व्हिसाने परवानगी असेल) तर खाद्यपदार्थांपासून सुरुवात करणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाचा २०१३ पासूनचा घरगुती खाद्यपदार्थांचा कायदा वाचावा. नोंदणी काउंटीच्या आरोग्य विभागाकडे. ‘अ’ वर्गात थेट गिऱ्हाइकाला विकता येतं, ‘ब’ वर्गात दुकानांमार्फतही, पण त्यासाठी स्वयंपाकघराची तपासणी होते. फ्रिजशिवाय टिकणारे पदार्थच चालतात: भट्टीत भाजलेली नानकटाई हो, श्रीखंड नाही. वेष्टनावर ‘मेड इन अ होम किचन’ हे शब्द लागतात.

छंदातून आलेला पैसाही करपात्र असतो, मग तो झेल (Zelle) या फोनवरच्या सोयीने आला असो की रोख. २०१८ पासून छंद म्हणून केलेल्या कामाचा खर्च करातून वजा होत नाही. धंदा म्हणून केलं तर होतो, पण मग निव्वळ कमाई वर्षाला ४०० डॉलर झाली की स्वयंरोजगाराचा करही भरावा लागतो. पाचपैकी तीन वर्षं नफा दिसला तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, सहसा तो धंदा मानतं. पहिल्या वस्तूपासून वहीत दोन रकाने आखा, आलेले आणि गेलेले, आणि मटेरियल फी शिक्षकाला रोख दिली असेल तर तिची पावती त्याच दिवशी मागून घ्या.